वाइंडिंगवालीच्या दाराची कडी

गल्लीत अशी बातमी होती, की पंख्या-पंपांच्या मोटारी गुंडाळणारी बाई रोज सकाळी चहा पिता पिता दोनशे परदेशी माणसांची कुलुपं फोडते. बातमी निघाली इस्त्रीवाल्याच्या टेबलावरून. तो कपडे द्यायला गेला होता, तेव्हा बाई लॅपटॉपसमोर बसून स्वतःशीच म्हणत होती, "आज दोनशे अकरा. काल एकशे नव्वद. वाढताहेत मेले." एवढ्या भांडवलावर इस्त्रीवाल्याने दुकान मांडलं. शिंप्याकडे बातमीला बाह्या लागल्या, औषधवाल्याकडे कॉलर बसली, आणि शाळेच्या फाटकापर्यंत पोचली तेव्हा बाई एका बँकेत शिरून, कशालाही हात न लावता, शहाण्यासारखी परत आलेली होती. हे 'हात न लावता' साळुंकीने जोडलं होतं. घरच्या माणसाला निदान चोर तरी म्हणू नये, एवढी माया तिच्यात होती.

खरी गोष्ट नेमकी उलटी. बाई कुणाचं कुलूप फोडत नव्हती. तिचं फोडायला रात्रभरात कोण कोण येऊन गेलं, त्यांची ती हजेरी घेत होती. तिचा स्वतःचा ब्लॉग होता, स्वतःच्या पत्त्यावर, आणि जगात अशा दारांवर हात मारत फिरणारी यंत्रं असतात. ती माणसं नसतात, त्यांना राग-लोभ नसतो; एखादा पेपर टाकणारा दारोदार जातो तशी ती जातात आणि कडी हलवून बघतात. 'एक दोन तीन चार' असा पासवर्ड घालतात. 'अॅडमिन' म्हणून हाक मारतात. बाई ती यादी अशी वाचायची, जसे इतर लोक पेपरातल्या निधनवार्ता वाचतात: ओळखीचं कुणी नाही ना, एवढं बघून पुढे.

साळुंकी तिची भाची. बाई तिची आत्या, खाली दुकान, वर घर. वर आई, बाबा, साळुंकी, आणि जिन्याच्या वळणावरच्या खोलीत आत्या. साळुंकीचं हे नाव पाळण्यातलं नव्हे. एकदा ऐकलेला आवाज तिच्या घशातून जसाच्या तसा बाहेर पडायचा, म्हणून आत्यानेच ते ठेवलेलं. मुख्याध्यापिका वाक्यातला शेवटचा शब्द गिळतात, तो साळुंकीही गिळायची. नेटवाला 'ताई' म्हणताना 'ता' वर चढतो आणि 'ई'वरून घसरतो, तशी ती घसरायची. आणि आत्या तर काय, हातचा मळ. आत्याला कॉइल बांधताना दातांत सूत धरायची सवय. त्यामुळे सूत नसतानाही ती ओठांच्या डाव्या कोपऱ्यातूनच बोलायची आणि दर वाक्याच्या शेपटीला 'बघ' लावायची. साळुंकीने नकला करून त्यांचे व्हिडिओ एका मोठ्या अॅपवर टाकायला सुरुवात केली होती. चौऱ्याण्णव फॉलोअर. त्यातले चाळीस वर्गातले, आणि एक बाबा, खोट्या नावाने. ते पकडले गेले कारण एका व्हिडिओखाली त्यांनी लिहिलं, 'छान. आता जेवायला ये.'

आणि इकडे आत्याचा ब्लॉग. त्यात हलणारं काही नाही, गाणारं काही नाही, रंग म्हणाल तर पांढऱ्यावर काळं. एका ओळीत पंख्याचा किंवा पंपाचा प्रकार, खाली किती खाचा, एका खाचेत किती वेढे, तार कोणत्या जाडीची, आणि आत्याने हाताने काढलेली आकृती, जी बघून वाटावं कोळ्याला शिंक आली. शेवटी एखादी शिस्तीची ओळ: 'वार्निश वाळल्याशिवाय चालू करू नये. मी केला होता.' हे वाचायला रोज चार-पाच हजार लोक यायचे.

चार-पाच हजार. साळुंकीने तो आकडा आत्याच्या खांद्यावरून पाहिला त्या दिवशी ती जेवली नाही.

"पोट दुखतंय का गं?" आईने विचारलं.

"नाही."

"मग कुणाचं काय बघून आलीस?"

आयांना हे कसं कळतं याचा शोध अजून लागायचा आहे.

लोक का यायचे, ते कळायला वाइंडरांची रीत माहीत हवी. मोटार जळली की वाइंडर आतली जुनी तार उलगडत जातो आणि वेढे मोजतो. तेवढेच वेढे नव्या तारेचे घातले की मोटार फिरते. पण कधी तार अशी जळते की सगळा गोळा होतो, मोजायला काही उरत नाही. अशा वेळी ज्याच्या वहीत तो आकडा आहे त्याचं राज्य. म्हणून ही वही वाइंडर जिवापलीकडे जपतो. गिऱ्हाइकाला नाही, शेजाऱ्याला नाही, बायकोलाही दाखवत नाही. आत्याच्या वस्तादांनी तर ती तीस वर्षं बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. आत्याला कॉइल बसवायला शिकवलं, पण आकडा सांगायचा झाला की तोंड फिरवून वहीत बघायचे. वस्ताद गेले, आणि त्यांच्या मुलाने वही रद्दीत घातली. आत्या दुसऱ्या दिवशी रद्दीवाल्याकडे पोचली, तोवर गाडी भरून गेली होती.

त्यानंतर तिने स्वतःचे आकडे एका मोठ्या अॅपवर, वाइंडरांच्या गटात टाकायला सुरुवात केली. तीन वर्षं टाकले. मग एका सकाळी गटच नाही. 'नियमभंग' एवढं एकच उत्तर. कुठला नियम, कुणी भंगला, पत्ता नाही. तांब्याच्या वेटोळ्यांचे फोटो बघून त्या यंत्राला चोरीचा माल वाटला असावा, असा आत्याचा अंदाज. तेव्हा तिने ठरवलं, दुसऱ्याच्या ओट्यावर संसार मांडायचा नाही. स्वतःचा पत्ता घेतला, एका कंपनीकडे पानांपुरती जागा घेतली, आणि वहीतला आकडा अन् आकडा तिथे उघडा ठेवला. नाव नोंदवा नाही, लॉगिन करा नाही, जाहिरात नाही. जगातल्या कुठल्याही वाइंडरने यावं, वाचावं, जावं.

हे सगळं चष्मिसला ठाऊक होतं, कारण तिने विचारलं होतं. साळुंकीने कधी विचारलं नव्हतं.

चष्मिस म्हणजे साळुंकीची बालवाडीपासूनची मैत्रीण, एका बाकावर बसणारी, एका डब्यात जेवणारी. व्हिडिओ काढताना फोन तीच धरायची. एकदा आत्याला पत्र आलं होतं, कुठल्या तरी लांबच्या बेटावरून: दवाखान्याचा पाण्याचा पंप जळला, तुमच्या पानावरून आकडा घेतला, पाणी चालू झालं, आपण कोण ते माहीत नाही पण हात जोडतो. चष्मिसने ते दुकानात उभ्या उभ्या वाचलं, चष्मा काढून पुसला, आणि दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर ती वरती यायच्या ऐवजी खालीच थांबायला लागली. आत्या, हे जपायचं कसं? आत्या, या कुलपाला दोन किल्ल्या का? आत्या, तुम्ही पासवर्डमध्ये एवढं लांबलचक वाक्य का घालता?

"आत्या, तुम्ही पासवर्डमध्ये एवढं लांबलचक वाक्य का घालता," साळुंकी वर आईसमोर करून दाखवायची, नाकावरचा नसलेला चष्मा सावरत. नक्कल इतकी हुबेहूब की आई हसता हसता थांबली.

"तुला काय झोंबतंय?"

"मला काय झोंबायचंय? बाईंनी पंख्यांची शाळा काढलीय, हिने नाव घातलंय. मजा आहे."

ठिणगी पडली ती वेगळ्याच गोष्टीवरून. आत्या ब्लॉगच्या तीन प्रती ठेवायची. एक दुकानातल्या मशीनवर, एक कागदावर छापून पत्र्याच्या डब्यात, आणि तिसरी एका छोट्या डिस्कवर. ही तिसरी तिने चष्मिसच्या घरी ठेवायला दिली. चष्मिस ती डिस्क मोज्यात गुंडाळून, दोन्ही हातांनी धरून घेऊन गेली, जणू नागाचं अंडं.

"तिच्याकडे का?" साळुंकीने विचारलं.

"दुसरं घर हवं, बघ. इथे आग लागली तर दोन्ही प्रती जातील. एका घरातल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत."

"माझ्या कपाटात ठेवली असतीस तर मी काय विकून खाल्ली असती?"

"तुझं कपाट याच घरात आहे ना?"

उत्तर बिनतोड होतं. पण बिनतोड उत्तराने कुणाचा जळफळाट विझल्याचं ऐकिवात नाही. साळुंकीच्या डोक्यात एवढंच राहिलं: आपल्या आत्याची सगळ्यात मोलाची वस्तू आपल्या मैत्रिणीच्या कपाटात. आत्याही गेली आणि मैत्रीणही गेली, त्याही एकमेकींकडे.

अशात नेटवाला आला. पाण्याच्या टाकीची मोटार घेऊन दुकानात, आणि सोबत नवा पॅक.

"ताई, स्वस्तात मस्त," तो म्हणाला. "मोठी अॅपं सगळी चालू. व्हिडिओ बघा, गाणी ऐका, कितीही. बाकीच्या फालतू साइट बंद. तसंही कोण जातं तिकडे?"

आत्याने मोटारीचं झाकण उघडलं, आत वास घेतला. "माझं पान उघडतं का त्यात?"

"तुमचं कुठलं पान?"

आत्याने दाखवलं. नेटवाल्याने फोनवर पॅकची यादी पाहिली, आणि त्याचा 'ई' पुन्हा घसरला. "ताई, ते यादीत नाही. पण तुम्ही फॉर्म भरा, वर पाठवतो. मंजूर झालं तर घालतील."

"म्हणजे माझ्या घरात माझं पान बघायला तुझ्या साहेबाचा फॉर्म."

"तसं नाही ताई, पॅकच तसा आहे."

"मोटारीत तार पूर्ण जळलीय, बघ. हिचा आकडा माझ्याकडे नाही. एका दुसऱ्या वाइंडरने त्याच्या पानावर ठेवलाय. ते पान तुझ्या यादीत आहे का?"

नव्हतं. नेटवाला स्टुलावर बसला आणि जळक्या मोटारीकडे बघत राहिला.

पण वर बाबांना पॅक आवडला होता. स्वस्त होता, आणि बाबांचं जग तीन अॅपांत मावत होतं. जेवताना त्यांनी विषय काढला.

"ताई, तुझ्या कामापुरतं दुकानात वेगळं कनेक्शन घेऊ की. घरात हा पॅक."

"आज घरात बंद, उद्या गल्लीत बंद," आत्या म्हणाली. "जो तो आपल्यापुरता स्वस्त पॅक घेत गेला, तर माझं पान उघडं असून काय उपयोग? दार उघडं आणि रस्ता बुजलेला."

"मला पॅक हवा," साळुंकी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिलाही आपला आवाज ऐकून जरा नवल वाटलं, पण आता जीभ पुढे गेलीच होती.

"माझे व्हिडिओ लवकर चढतील. आणि आत्याचं पान एवढं ग्रेट असेल तर लोक शोधतीलच. एवढं काय त्यात? पंखे आहेत. आणि तू म्हणतेस ना, घट्ट कुलूप आहे, तीन प्रती आहेत, हे आहे, ते आहे. मी आठ दिवसांत उघडून दाखवते तुझं ते कुलूप."

"उघडून काय करशील?" आत्याने शांतपणे विचारलं.

"वर माझा व्हिडिओ लावीन. महिनाभर. चार-पाच हजार लोक बघतील."

"ठीक. उघडलंस तर व्हिडिओ मी स्वतः लावते, आणि घरात पॅक. बाबा साक्षीदार."

"आणि नाही उघडलं तर?" बाबांनी विचारलं. पैज म्हटली की त्यांना भात थंड झाला तरी चालायचं.

"तर पॅक नाही. आणि हिने एक पंखा अख्खा गुंडाळायचा. वेढे मोठ्याने मोजायचे, चुकली तर पहिल्यापासून. आणि मोजायचे स्वतःच्या आवाजात, बघ. मुख्याध्यापिकेच्या नाही, नेटवाल्याच्या नाही, माझ्या तर नाहीच नाही."

"त्यात काय," साळुंकी म्हणाली. पण खरं सांगायचं तर, स्वतःच्या आवाजात तिने बऱ्याच दिवसांत काही मोठ्याने म्हटलेलं नव्हतं.

पहिले दोन दिवस तिने समोरून प्रयत्न केला. आत्या पासवर्ड घालताना चहा घेऊन मागे उभी राहिली. आत्याची बोटं टाइप करत राहिली, करत राहिली. साळुंकीने पंचेचाळीसपर्यंत मोजलं आणि नाद सोडला. वरून दुसरी किल्ली: अंगठ्याएवढा प्लास्टिकचा तुकडा, तो मशीनला लावल्याशिवाय काही उघडत नाही, आणि तो आत्याच्या कमरेला कात्रीच्या दोरीत ओवलेला. आंघोळीला जातानासुद्धा कात्री सोबत.

तिसऱ्या दिवशी ती चष्मिसकडे गेली. बाकावरच बोलली, पण गेल्यासारखंच. दोघींच्या मधे आता दप्तर असायचं.

"ती डिस्क जरा दे ना. बघते फक्त."

"नाही."

"तुझी मैत्रीण मी आहे की आत्या?"

चष्मिसने चष्मा वर केला. "डिस्क मिळूनही उपयोग नाही. त्यात जे आहे तेच पानावर सगळ्यांना उघडं आहे. आणि ते दोनशे अकरा जण आहेत ना, ते उगाचच कडी वाजवतात. पानाला दारच नाहीये. आत्या दुकानात पानं तयार करतात आणि नुसती नेऊन चिकटवतात, भिंतीवर कागद लावावा तशी. भिंतीवरच्या कागदात शिरणार कुठून?"

"मग दार कुठे आहे?"

"ज्या कंपनीकडे भिंत आहे, तिच्याकडे," चष्मिस म्हणाली, आणि बोलून गेल्यावर जीभ चावली.

साळुंकीला आणखी काही नको होतं. कंपनी म्हणजे मदतकेंद्र. मदतकेंद्र म्हणजे फोन. आणि फोनवर काय लागतं? आवाज. दोनशे अकरा यंत्रांकडे नसलेली एकच गोष्ट तिच्याकडे होती. तिला स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. चष्मिसने आत्याकडून कुलपं शिकावीत, प्रती सांभाळाव्यात, खुशाल सांभाळाव्यात. आत्या होऊन दाखवणं तिला या जन्मी जमणार नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी आत्या तार आणायला गेली. साळुंकीने दुकानाच्या फोनवरून नंबर लावला. चोख काम व्हावं म्हणून बाकावरचं सूत घेऊन दातांत धरलं. दुकानात वार्निशचा वास होता, समोर नेटवाल्याची मोटार उघडी पडली होती, आणि स्टुलावर बसल्यावर पाय आपोआप आत्यासारखे एकावर एक गेले.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकतो?" पलीकडून एक अत्यंत धुतलेला, इस्त्री केलेला पुरुषी आवाज आला. साळुंकीने तो लगेच मनात टिपून ठेवला.

"पासवर्ड बदलून हवाय," ती ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून म्हणाली. "किल्ली हरवली, बघ. मोटारींच्या कामात कुठे पडली कोण जाणे."

"काळजी करू नका मॅडम. आपल्या पहिल्या शाळेचं नाव सांगाल?"

आत्याची पहिली शाळा घरातल्या मांजरालाही माहीत होती. साळुंकीने सांगितलं.

"जुळत नाहीये, मॅडम."

"माझी शाळा मला माहीत नाही होय? तू गेला होतास का माझ्याबरोबर?"

"तसं नाही मॅडम." आवाजाची इस्त्री जरा मोडली. आत्याच्या रागापुढे सगळ्यांचीच मोडायची. साळुंकीला गुदगुल्या झाल्या. "खरं तर असं करता येत नाही. पण आपलं खातं जुनं आहे, आपण म्हणताय तर खात्यावरच्या नोंदी बघून वरिष्ठांना विचारतो. एक मिनिट."

फोनवर बासरी वाजायला लागली. साळुंकीने दातांतलं सूत चावून चावून मऊ केलं. तिला पान डोळ्यांसमोर दिसत होतं: सगळ्यात वर तिचा व्हिडिओ, खाली बेटावरचे, डोंगरावरचे, कुठकुठले वाइंडर तोंडात तार धरून बघताहेत, आणि दाराशी चष्मिस, दप्तर छातीशी घेऊन.

बासरी थांबली. "मॅडम," आवाज म्हणाला. आता त्यात हसू होतं, दाबलेलं, कुकरच्या शिट्टीआधीसारखं. "आपल्या खात्यावर एक नोंद आहे. वाचून दाखवली तर चालेल?"

"वाच की."

"'माझं कोणतंही काम फोनवरून करू नये. कितीही ओरडून सांगितलं तरी करू नये. कडी वाजवणाऱ्या यंत्रांची मला भीती नाही. पण माझी भाची माझा आवाज माझ्यापेक्षा चांगला काढते. गेल्या आठवड्यात तिने माझ्या आवाजात शाळेत फोन करून स्वतःची सुट्टी मंजूर करून घेतली. आज ती नऊ वर्षांची आहे. पुढे कुणाला ऐकणार नाही. जगात माझं खातं कुणी उघडू शकलं तर तीच उघडेल. तिने फोन केला तर नाही म्हणावं, पण तिच्याशी उद्धटपणे बोलू नये.'"

साळुंकीचे एकावर एक चढलेले पाय खाली उतरले.

"तारीख सहा वर्षांपूर्वीची आहे," आवाज म्हणाला. "मॅडम, आपण मॅडम बोलताय, की भाची?"

साळुंकीने दातांतलं सूत काढलं. एकदा घसा खाकरला.

"भाची," ती म्हणाली, पण निघाला आत्याचाच आवाज. सवय.

"आपण फार छान करता," आवाज म्हणाला. "मी देणारच होतो."

फोन ठेवून ती बसून राहिली. सहा वर्षं. सहा वर्षं आत्या रोज सकाळी दोनशे जणांची हजेरी घेऊन त्यांना मेले म्हणत होती, आणि ज्या एकीला ती खरोखर घाबरून होती, तिला ती वरच्या मजल्यावर रोज जेवायला वाढत होती. चष्मिसला तिने एक डिस्क दिली होती. साळुंकीसाठी तिने एक अख्खं कुलूप घडवलं होतं.

आत्या तारेचं बंडल घेऊन आली तेव्हा भाची स्टुलावरच होती.

"हरले," साळुंकी म्हणाली.

"अजून चार दिवस आहेत, बघ."

"फोन केला होता. मदतकेंद्राला."

आत्याने बंडल खाली ठेवलं. चेहऱ्यावर काही नाही, पण कानाच्या पाळ्या लाल. "बाई होती का बाप्या?"

"बाप्या." साळुंकीने धुतलेला, इस्त्री केलेला आवाज लावला: "'मॅडम, आपण मॅडम बोलताय, की भाची?'"

आत्या इतकी हसली की तिला मोटारीचा आधार घ्यावा लागला. साळुंकीने तिला असं हसताना चार-पाच हजार लोकांच्या कुठल्याही पत्रावर पाहिलं नव्हतं.

"पण शाळेचं नाव का जुळलं नाही?"

"शाळा अख्ख्या गल्लीला माहीत आहे. ते कसलं कुलूप? तिथे मी दुसरंच लिहिलंय."

"काय?"

"अजून विचारतेय, बघ," आत्या म्हणाली, आणि पंखा शोधायला मागच्या खोलीत गेली.

बाबांनी पॅकचा कागद घडी घालून फ्रिजवर ठेवला आणि साक्षीदार म्हणून जिन्यात येऊन बसले. शाळा सुटल्यावर चष्मिस आली, तेव्हा साळुंकी दुकानाच्या मधोमध पंख्याचं रिकामं पोट मांडीवर घेऊन बसलेली, बोटांना तांब्याची तार, आणि एका साध्या, जराशा घोगऱ्या, कुणाच्याच नसलेल्या आवाजात मोजत होती. दोनदा चुकली होती. आता तिसऱ्यांदा पहिल्यापासून चालू होतं.

चष्मिस स्टुलावर बसली. थोडा वेळ ऐकलं. तिला सगळं कळलं होतं. गल्लीत बातमीला किती वेळ लागतो.

"एकशे पाच," साळुंकी म्हणाली. "एकशे सहा."

"त्या नोंदीत," चष्मिसने चष्मा पुसत सहज विचारलं, अगदी सहज, "माझ्याबद्दल काही होतं का गं?"

साळुंकीने वर पाहिलं नाही. तार ओढली, खाचेत बसवली, नखाने दाबली. असं सुख तिला फार दिवसांत मिळालं नव्हतं, आणि ते घाईने संपवायची तिची इच्छा नव्हती.

"एकशे दहा," ती म्हणाली. "एकशे अकरा. नाही. एकशे बारा."